पंख्याचं नाक

मला वास येत नाही, ही गोष्ट मी अकरा महिने घरात कुणालाही कळू दिली नाही.

सोलापुरातली साठ घरं ज्या बाईच्या काळ्या मसाल्यासाठी गुरुवारची वाट बघतात, तिला हिंगाचा आणि साबणाचा वास सारखाच, म्हणजे काहीच नाही, हे ऐकून लोक हसले असते. लोकांचं सोडा. माझ्या मुलानं, मल्लिनाथनं, दुसऱ्याच दिवशी गॅसची कळ काढून खिशात घातली असती. त्याचे वडील गेल्यापासून तो मला काचेच्या बरणीसारखं जपतो. वास येत नाही म्हणजे गॅस गळलेला कळणार नाही, तेल पेटलेलं कळणार नाही. म्हणून आईनं आता टीव्हीसमोर बसून शेंगा सोलाव्यात, असं त्याचं सरळ गणित झालं असतं. मला शेंगा सोलायच्या नव्हत्या. मला कढईसमोर उभं राहायचं होतं. चाळीस वर्षं मी तिथं उभी आहे आणि या घरात मी कोण, हे मला तिथंच नीट कळतं.

झालं असं. गेल्या वर्षी पाडवा होऊन पंधरा दिवस झाले असतील, मला ताप आला. आठ दिवस अंथरुणात काढले. नवव्या दिवशी उठले, चांगलं आलं ठेचून चहा केला आणि प्यायले, तर नुसतं गरम गोड पाणी. म्हटलं सर्दी आहे, जाईल. महिना गेला. हिंगाची डबी नाकाशी धरली, काही नाही. मिरची भाजली तर ठसका मात्र लागला. नाकाला झोंबणं वेगळं आणि वास येणं वेगळं, ही अक्कल मला बासष्टाव्या वर्षी आली.

काळा मसाला करणाऱ्याला डोळे असून भागत नाही. दगडफूल मुळातच काळं, त्याचा रंग काय बघणार? खोबरं काळं दिसायला लागलं की ते आधीच हातचं गेलेलं असतं. लोखंडी कढई गॅस बंद केल्यावरही भाजत राहते, त्यामुळे बरोबर झालं असं दिसण्याच्या थोडं आधी थांबावं लागतं. ते 'थोडं आधी' फक्त नाकाला कळतं. आणि माझं नाक गेलं होतं.

मग मसाला होत कसा होता? ते सांगायचं तर आधी आमच्या घरातल्या हवेबद्दल सांगायला हवं.

सोलापूरचा उन्हाळा अठ्ठेचाळीसच्या पुढं जायला लागला, तशा नव्या इमारती बंदिस्त झाल्या. फेब्रुवारी संपता संपता खिडक्या लावायच्या, त्या जूनमध्ये उघडायच्या. मधले महिने हवा यंत्रानं गाळून आत येते आणि पंख्यांनी बाहेर जाते. आमच्या घरात असे चार पंखे आहेत, भिंतीत छताजवळ बसवलेले. बैठकीत पाहुणे जमले, श्वासाची हवा साचली की तिथला पंखा आपला आपण वेग वाढवतो. कुणी आंघोळ केली की न्हाणीघरातला दमटपणा ओळखतो. मोबाइलवरून वेग बदला, तोंडानं सांगा, नाहीतर त्याच्यावर सोडून द्या. एकपासून दहापर्यंत वेग आहेत.

स्वयंपाकघरातला पंखा या सगळ्यांत शहाणा. त्याच्या तोंडाशी नखाएवढी चकती आहे आणि तिच्यावर तीनशे ठिपके. प्रत्येक ठिपक्याला वेगळा लेप. हवेतले वासाचे कण त्यांच्यावर बसले की काही ठिपके जास्त बदलतात, काही कमी, आणि त्या सगळ्यांची मिळून एक रांगोळी उमटते. कांद्याची रांगोळी वेगळी, कॉफीची वेगळी, जळक्या दुधाची वेगळी. आपल्या नाकातही साधारण हेच चालतं म्हणे, फक्त तिथं ठिपक्यांच्या जागी जिवंत पेशी असतात.

हे सगळं मला ऋतुजानं समजावलं. ऋतुजा माझी सून. शहरातल्या पन्नास इमारतींची हवा घरी बसून बघायची, ही तिची नोकरी. पंखे तिनंच निवडले, तिनंच बसवून घेतले, माझ्या तापाच्या आधी दोन महिने. मल्लिनाथ धाराशिवकडं पवनचक्क्यांवर कामाला, शनिवारी येतो, सोमवारी जातो. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस घरात आम्ही दोघी आणि चार पंखे.

"आई, हा पंखा तुमची सवय शिकणार," पंखा बसवला तेव्हा तिनं सांगितलं होतं. "तुम्ही गॅस कधी बंद करता हे त्याला कळतं, कारण गॅसची कळ त्याला जोडलीय. त्या वेळी हवेत कसली रांगोळी आहे, ते तो लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी तसा वास यायला लागला की समजतो, आता घाणा तयार झाला, सगळ्यात जास्त धूर आत्ता येणार. मग बरोबर त्या क्षणी वेग वाढवतो. उगाच आधीपासून पळत नाही, वीज वाचते."

"माझी सवय शिकून मला घरात ठेवणार का नाही तुझा पंखा?" मी विचारलं होतं. ती हसली होती.

माझे यजमान पंख्यांच्या मोटारी रिवाइंड करायचे. सात रस्त्याजवळ त्यांचं दुकान होतं. पंखा उघडायच्या आधी ते स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीला लावायचे आणि मूठ कानाला. "आतलं सगळं आवाजात असतंय," म्हणायचे. मी जेवणाचा डबा घेऊन गेले की मलाही ऐकायला लावायचे: हे बेअरिंग गेलं, हे पातं वाकलं. मी तेव्हा कंटाळायचे. पण कान तयार झाला तो झालाच.

ताप उतरल्यावरचा पहिला गुरुवार. मी कढईत तीळ टाकले आणि नाक पुढं करून उभी राहिले. आत काही येईना. आता हे उतरवायचे की ठेवायचे, काही कळेना. तेवढ्यात डोक्यावर पंख्याचा सूर बदलला. तीनवरून चारवर गेला. मी घाबरून गॅस बंद केला. तीळ बघितले, दाताखाली धरले. बरोबर कुरकुरीत. धने टाकले. पंखा पाचवर गेला तशी उतरवले. बरोबर. खोबऱ्याला सातवर गेला. तेही बरोबर.

मी स्टुलावर बसले आणि पंख्याकडं बघत राहिले. तापाच्या आधी दोन महिने त्यानं माझ्याकडं बघून शिकून घेतलं होतं. माझं गेलेलं नाक त्या भिंतीतल्या भोकात शाबूत होतं.

त्या दिवसापासून मी कानानं मसाला करायला लागले. खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली. कुणाला न कळता आपण एक अवघड गोष्ट तडीस नेतोय, याची एक गुर्मी असते. ऋतुजानं एकदा विचारलं, "आई, भाजताना तुम्ही मान वाकडी करून वर काय ऐकता?" मी म्हटलं, "ऐकते कसलं! कान किटले या पंख्याच्या आवाजानं." ती थाप मी तिथंच विसरले. ऋतुजा विसरली नाही.

ऋतुजा भाजणीच्या वेळी कढईजवळ येत नसे. पाकिटं भरायची, चिठ्ठ्या लावायची, कुणाला किती पाठवायचा त्याची यादी ठेवायची, पण गॅस पेटला की ती आपल्या खोलीत. त्याचं कारण मीच आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी चार बायका बसलेल्या असताना ती हळूच म्हणाली होती, "आई, दगडफूल जरा जास्त झालं का?" मी म्हटलं, "तुला वासातलं काय कळतंय गं?" बायका हसल्या. दोन मिनिटांनी मला कळलं की दगडफूल खरंच जास्त झालं होतं. तो घाणा मी गुपचूप बाजूला केला, नवा केला, आणि तिला काही बोलले नाही. या गोष्टीला तीन वर्षं झाली. तेव्हा माझं नाक चांगलं होतं, म्हणजे दोष नाकाचा नव्हता.

या मार्चमध्ये माझ्या नणंदबाई आल्या. प्रभावती वन्सं दोन वर्षं लेकीकडं मेलबर्नला होत्या. मी भरलं वांगं केलं, कडक भाकरी, शेंगाचटणी. त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबल्या.

"वहिनी, मसाला कुठला गं हा?"

"कुठला म्हणजे? आपला."

"आपला?" त्यांनी अजून एक घास घेतला. "आपला असा कडवट नव्हता बाई. आपल्या आईच्या हातचा, मग तुझ्या हातचा, इतकी वर्षं खाल्लाय मी."

"दोन वर्षं पाव खाऊन जीभ मेलीय तुमची, वन्सं," मी म्हटलं. ते फार जोरात म्हटलं. वन्सं जेवल्या, पण वांग्याचा रस्सा त्यांनी ताटात तसाच ठेवला.

त्या गेल्यावर ऋतुजा भांडी पुसत होती. मी विचारलं, "तुला पण कडवट लागतोय का गं?"

तिनं ताट फडताळात ठेवलं. "मला वासातलं काय कळतंय, आई," ती म्हणाली.

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी परतवला असता. तिला खरंच तसं वाटत होतं, मीच वाटायला लावलं होतं. मला त्या दिवशी झोपेपर्यंत चैन पडलं नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी मी कढई ठेवली, तर ऋतुजा दारात हसत उभी.

"आई, तुमच्यासाठी एक गंमत केलीय. पंखा लावा."

"पंखा चालू," मी सांगितलं. काही झालं नाही. "बंद पडला काय?"

"चालूय की! हात धरून बघा." मी हात वर केला, हवा ओढली जात होती. आवाज शून्य. "नवीन सोय आलीय. पात्यांचा जो आवाज असतो, त्याच्या बरोबर उलटा आवाज तो स्वतःच सोडतो. लाट वर जायला लागली की हा ती खाली ओढतो. दोन्ही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. तुमचे कान किटले होते ना? आता बसा निवांत."

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. एवढ्या प्रेमानं कुणी माझे हातपाय तोडले नव्हते.

"छान," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तीळ टाकले. "कितीवर आहे गं पंखा?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तिनं मोबाइल बघितला. "तीन." थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. "चार," ती म्हणाली. मी तीळ उतरवले. धन्यांना तसंच केलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली होती, पण तेवढ्यात तिला कामाचा फोन आला आणि ती खोलीत गेली. दार लागलं.

कढईत खोबरं होतं. मी पंख्याला तोंडानं विचारू शकले असते, तो आकडा बोलला असता. पण तो बोललेला पलीकडं ऐकू गेला असता, आणि विचारायचं कारण काय सांगायचं? मी हात वर करून हवेची ओढ अजमावत राहिले. सहा असेल. नाही, पाच. टाचा उंच केल्या. डोळे छताकडं होते आणि उलथनं हातात तसंच राहिलं.

दार धाडकन उघडलं. ऋतुजा धावत आली आणि माझ्या अंगावरून हात घालून तिनं गॅस बंद केला. मी खाली बघितलं. खोबऱ्याचा कोळसा झाला होता.

ती माझ्याकडं बघत होती. बंद दाराआड, दुसऱ्या खोलीत तिला आला होता वास. मी कढईवर उभी होते.

"आई," ती म्हणाली, "तुम्हाला वास येत नाही."

सर्दी झालीय, लक्ष नव्हतं, असं दोन-तीन तऱ्हांनी सांगता आलं असतं. जीभ तयारही होती. पण तिच्या हाताला कढईचा काठ लागून लाल झाला होता आणि तिचं तिकडं लक्षही नव्हतं.

"नाही येत," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"मागच्या पाडव्यानंतर ताप आला तेव्हापासून."

मी तिचा हात नळाखाली धरला. ती पाण्याकडं बघत उभी राहिली. मला वाटलं, आता मल्लिनाथला फोन करणार. तिनं भलतंच विचारलं.

"मग अकरा महिने मसाला कुणी भाजला?"

मी वर बोट दाखवलं.

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं खुर्ची ओढली, मांडीवर संगणक घेतला आणि पंख्याची नोंदवही उघडली. माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र बदलत गेला. शेवटी तिनं पडदा माझ्याकडं फिरवला.

"हे बघा. ही वरची रेघ म्हणजे पंखा सातवर कधी गेला. ही खालची म्हणजे तुम्ही गॅस कधी बंद केलात. नेहमी दोन-तीन सेकंदांनी. का?"

"सूर बदलला की पक्का बदलला का, ते ऐकायला लागतं ना," मी म्हटलं. "खात्री नको? तुझे सासरे पण दोनदा ऐकायचे."

"आणि पंखा काय करतोय?" तिनं विचारलं. मग तिनंच सांगितलं. "पंख्याला वाटतंय, बाईनं गॅस माझ्यानंतर बंद केला, म्हणजे मीच घाई केली. तो पुढच्या गुरुवारी दोन सेकंद उशिरा वेग वाढवतो. तुम्ही त्याच्यानंतर पुन्हा दोन सेकंद थांबता. तो पुन्हा उशीर करतो. तुम्ही त्याच्याकडं बघताय, तो तुमच्याकडं बघतोय. मसाल्याकडं कुणीच बघत नाहीय."

मी हिशेब केला. गुरुवारी दोन सेकंद, तीन सेकंद. चाळीसेक गुरुवार. दीड मिनिट तरी झालं. खोबऱ्याला दीड मिनिट म्हणजे आयुष्य.

"मग एवढ्या दिवसांत कुणाला कळलं कसं नाही?"

"एकदम बदललं असतं तर कळलं असतं. दर आठवड्याला तिळाएवढं बदललं. खाणाऱ्यांच्या जिभाही हळूहळू सरकल्या. प्रभावतीआत्यांची जीभ दोन वर्षं इथं नव्हती, म्हणून ती जागच्या जागी राहिली."

वन्संची जीभ मेलेली नव्हती. मेली होती ती माझी, आणि तिच्या जोरावर मी त्यांना बोलले होते. मला रडू आलं. वास गेला तेव्हा मी रडले नव्हते. चाळीस वर्षं जपलेली गोष्ट माझ्याच हातानं, दर गुरुवारी, मोठ्या काळजीनं मी बिघडवत आले होते.

"मग त्याचं जुनं काढ ना," मी म्हटलं. "पहिले दोन महिने त्यानं माझं खरं नाक बघितलंय. ते असेल की त्याच्यात."

ऋतुजानं मान हलवली. "नव्वद दिवसांचंच ठेवतो तो. मागचं पुसतो."

जळक्या खोबऱ्याची कढई आमच्या दोघींमध्ये होती आणि पंखा वर काहीच आवाज न करता तिचा धूर ओढत होता.

मग मला बरणी आठवली.

आमच्या घरात एक रीत आहे, सासूबाईंच्या आधीपासूनची. पाडव्याच्या आठवड्यात वर्षाचा पहिला घाणा झाला की त्यातला मूठभर मसाला एका छोट्या बरणीत घालून वेगळा ठेवायचा. पुढच्या पाडव्याला तो नव्या घाण्यात मिसळायचा. सासूबाई तिला विरजणाची बरणी म्हणायच्या. जुन्यानं नव्याला वळण लावायचं, असा समज. मला तो भाबडेपणा वाटायचा, पण मी कधी मोडला नाही. हल्ली बरणी फ्रीजरमध्ये ठेवतो, एवढाच फरक. मागच्या पाडव्याची बरणी आत होती, माझ्या तापाच्या पंधरा दिवस आधीची.

मी ती आणली. शेजारी मागच्या गुरुवारचा मसाला वाटीत काढला. फ्रीजरचा गारवा जाईपर्यंत दोघी थांबलो. मग बरणीचं झाकण काढून मी तिच्यापुढं सरकवली.

"पंख्याला हुंगायला लावूया का?" ती म्हणाली. "पण नाही जमणार. हा दळलेला, थंड. त्याला कढईतला धूर लागतो."

"पंख्याला कशाला?" मी म्हटलं. "तू हुंग."

"मी?"

"दगडफूल जास्त झालं होतं," मी म्हटलं. "तीन वर्षांपूर्वी. तू बरोबर होतीस. मला दोन मिनिटांनी कळलं आणि मी तोंड उघडलं नाही. चुकले मी."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बरणी उचलली, डोळे मिटले आणि हुंगली. मग वाटी. मग पुन्हा बरणी. मला तिच्या नाकाचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

"सांग की," मी म्हटलं. "शब्दांत सांग. मला दुसरा रस्ता नाही."

"बरणीतला..." ती चाचपडत बोलायला लागली. "आधी खोबरं येतं. गोडसर. भट्टीवरनं नुकताच काढलेला पाव असतो ना, त्याच्या काठासारखं. मग मागून दगडफूल येतं, पावसाळी लाकडासारखं. लवंग शेवटी. एकामागनं एक येतात." तिनं वाटी नाकाशी धरली. "यात सगळे एकदम येतात. आणि सगळ्यांच्या आधी करपट. तवा धुतल्यासारखं."

चाळीस वर्षं मी मसाला केला. तो एकामागनं एक येतो, हे मलाही माहीत होतं, पण मी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ऐकता ऐकता मला क्षणभर तो आला असं वाटलं. आला नव्हता. पण आठवला, आणि अकरा महिन्यांत तो आठवलासुद्धा नव्हता.

शनिवारी मल्लिनाथ आला. आम्ही त्याला सगळं सांगितलं. अपेक्षेप्रमाणं त्यानं डोक्याला हात लावला. "आई, गॅस गळला असता म्हणजे?"

"गळला असता तर पंख्यानं कळ बंद केली असती," ऋतुजा म्हणाली. "ते काम तो चोख करतो. त्याला करू दे."

"आणि भाजणी?"

"हात आईंचा. नाक माझं."

तो आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघायला लागला. घरात आपल्यामागं काहीतरी ठरलंय आणि आता बोलण्यात अर्थ नाही, हे पुरुषाला कळतं तेव्हा तो जेवायला वाढा म्हणतो. त्यानंही तेच केलं. सोमवारी कामाला जायच्या आधी तो मला कानानाकाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. वास परत येईल, नाही येईल, काही सांगता येत नाही, रोज चार वास घेऊन बघायचा सराव करा, असं ते म्हणाले. तो मी करते.

साठ घरांना ऋतुजानं निरोप पाठवला. मी सांगितला तसा, आडपडदा न ठेवता: नाक गेलं होतं, मसाला कडवट झाला, पाडव्याला सगळ्यांना नवा देऊ. मला वाटलं होतं, अर्धी घरं तुटतील. एकही तुटलं नाही. उलट एकोणीस जणांनी कळवलं की आम्हाला हाच आवडतो, बदलू नका. दोन दिवस मी त्या एकोणीस जणांवर रागावून होते.

वन्संना मी स्वतः फोन केला. "तुमची जीभ शाबूत आहे," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "ते मला ठाऊक होतं की. तुला कधी कळतंय याची वाट बघत होते."

मग पाडव्याचा आठवडा आला, आणि गुरुवार. वर्षाचा पहिला घाणा.

ऋतुजानं पंख्याचं शिकणं बंद करून टाकलं होतं. आज त्यानं आपलं दोनवर फिरायचं, धूर न्यायचा, मतं द्यायची नाहीत. त्याचा आवाज मात्र तिनं परत सुरू केला होता. सोबत म्हणून, ती म्हणाली. विरजणाची बरणी ओट्यावर झाकण काढून ठेवली होती. ती थोड्या थोड्या वेळानं बरणी हुंगायची, मग कढईवर वाकायची.

तीळ झाले. धने झाले. दगडफूल तिनं इतक्या लवकर उतरवायला सांगितलं की मला वाटलं कच्चं राहिलं. मी बोलले नाही. बोलले नाही याचं श्रेय मला द्यायला हवं, कारण ते सोपं नव्हतं.

मग खोबरं. मी उलथनं फिरवत होते. कडा तांबूस झाल्या, मग तपकिरी. मला सवयीनं मान वर करावीशी वाटली. पंखा दोनवर घुमत होता, त्याला आता काही म्हणायचं नव्हतं. ऋतुजा माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता, छोटा, छोटा, मग एक मोठा आत घेतलेला.

"आई," ती घाबरून म्हणाली, "झालं का? तुम्हाला काय वाटतंय?"

"मला काय विचारतेस?" मी म्हटलं. "मला वास येतो का?"

ती हसली. मग हसू थांबलं. तिनं डोळे मिटले, पुन्हा एकदा आत ओढलं आणि म्हणाली, "आता."

मी गॅस बंद केला. दोन सेकंदसुद्धा थांबले नाही.